‘ऑरा मायनस’ म्हणजे नक्की काय गेलं?

गेल्या गणपतीत आईच्या हातचा एक मोदक उकडताना फुटला. सगळं सारण मोदकपात्रात. आई हळहळली, तेवढ्यात शेजारी उभी असलेली माझी भाची म्हणाली, "आजी, ऑरा मायनस पाचशे!" भाची नववीत आहे. बाहेरच्या खोलीतून माझा भाऊ ओरडला, "आजीशी असं बोलतात का? आणि जे काय आहे ते मराठीत बोल." पोरीचा चेहरा उतरला. आईनं मात्र पुढची पारी करता करता विचारलं, "पाचशे गेले ते कळलं. पण आधी होते किती माझ्याकडे?"

मग पुढची दहा मिनिटं ती पोर बोलत होती. ऑरा म्हणजे माणसाचा रुबाब, चार लोकांतली त्याची छाप. काही झकास जमलं की वाढतो, फजिती झाली की घटतो. त्याचे गुण मोजायचे, पण वही कोणाकडेच नसते. जो आधी आकडा बोलेल त्याचा खरा. मांजराला घाबरून पळालास, मायनस हजार. सरांनी अचानक उठवलं आणि न अडखळता उत्तर दिलंस, प्लस दोन हजार. "तुझे दहा हजार होते आजी, तू पुरणपोळी करतेस ना."

भांडुपच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात एकाच वाक्याची दोन उत्तरं मला ऐकायला मिळाली. भावाला शब्द टोचला. आईला त्या शब्दामागचा हिशेब कळून घ्यायचा होता. मी गेली वीसेक वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. शब्द कुठून आला, वाक्यात कसा बसला, हे बघण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे पोरांच्या बोलण्यावर आपण मोठी माणसं ज्या घाईनं निकाल देतो, ती घाई मला खरोखर खुपते. त्या घाईत एक मोठी गोष्ट हातातून सुटते. ती कोणती, ते सांगण्यासाठी आधी ही भाषा चालते कशी ते बघू.

स्लँगला मराठीत एकच एक रूढ शब्द नाही. टपोरी भाषा म्हणतात, कट्ट्यावरची भाषा म्हणतात, मुंबईत नाक्यावरची भाषा म्हणतात. नावं काहीही असोत, तिचं काम जुनं आहे: कोण आतला आणि कोण बाहेरचा हे न विचारता ओळखणं. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन व्यापाऱ्यांना भाव ठरवता यावा म्हणून तिच्यात आकड्यांना वेगळीच नावं होती. तिनाला उधानु, पाचाला मुळू, दहाला अंगुळू. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. बोटांच्या खुणांची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांची नेत्रपल्लवी हे शब्द तर आजही आपल्या बोलण्यात आहेत. आणि लहानपणीची ‘च’ची भाषा? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. तुला म्हणजे चलातु, मोदक म्हणजे चदकमो. आईनं त्या दिवशी भाचीला ती शिकवली, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत घरातली सगळी चिल्लीपिल्ली एकमेकांशी तीच बोलत होती. आई गिरगावात वाढली. चाळीच्या गॅलरीत मोठ्यांच्या देखत गुपितं सांगायला त्या मुलींना दुसरी जागाच नव्हती, म्हणून ती भाषा.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे यांनी १९७६ मध्ये अशा भाषांना प्रतिभाषा म्हणता येईल असं नाव दिलं. मुख्य समाजाच्या आत, त्याच्याशी फटकून राहणारा एक गट असतो आणि तो आपली वेगळी बोली उभी करतो. त्यांनी जी उदाहरणं घेतली त्यांत कोलकात्याच्या गुन्हेगारी जगाची भाषाही होती. त्या मांडणीतला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. अशा भाषेत सगळ्याच गोष्टींना नवे शब्द मिळत नाहीत. जिथे त्या गटाचा जीव अडकलेला असतो, तिथे एकाच गोष्टीला दहा-दहा शब्द उगवतात. चोरांच्या भाषेत पोलीस, पैसा, हत्यार यांना शब्दच शब्द असतात. म्हणून एखाद्या गटाचा शब्दकोश उघडायचा तो शब्द शुद्ध आहेत का हे बघण्यासाठी उघडू नये. शब्दांची गर्दी कुठे झाली आहे ते बघावं.

मी तशी गर्दी मोजून बघितली. आधी माझ्या वेळची. आम्ही नव्वदच्या दशकात माटुंग्याच्या रुईया नाक्यावर पडीक असायचो. पडीक हा शब्दच बघा: नांगर न लागलेली जमीन पडीक असते, तशी कामधंद्याविना नाक्यावर पडून राहिलेली पोरंही पडीक. शेतीचा शब्द सहज दादर-माटुंग्यात राहायला आला. त्याच्या जोडीला टीपी, भंकस, पकवणे, पकाऊ, बोअर मारणे, लेक्चर बंक करणे, दांडी मारणे, कल्टी मारणे. परीक्षेत नापास झालं तरी पुढच्या वर्गात ढकलणारी केटी. मग फसवाफसवीचे: लोचा, झोल, पोपट होणे, टोपी घालणे, गंडवणे. थोडक्यात, आमच्याकडे वेळ भरपूर होता, पैसे कटिंगपुरते होते, आणि कोणीतरी आपल्याला फसवील ही धास्ती होती. आमच्या शब्दांनी ते सगळं नोंदवून ठेवलंय.

आता भाचीची वही. हो, वहीच. त्या दिवसानंतर तिनं मला एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर यादी करून दिली. क्रिंज: ज्याच्याकडे बघून आपल्यालाच लाज वाटते ते. ऑरा: वर आलाच. रिझ: समोरच्याला भुरळ घालण्याचं कसब. मिड: धड चांगलं नाही, धड वाईट नाही, असं सुमार. एनपीसी: व्हिडिओ गेममधलं ते पात्र, जे कोणी खेळत नाही, फक्त मागे फिरत असतं, म्हणजे वर्गातला दखल न घेण्यासारखा मुलगा. मेन कॅरेक्टर: त्याच्या उलट. डब्ल्यू म्हणजे जिंकला, एल म्हणजे हरला. डेलुलू: स्वतःबद्दल भलत्याच भ्रमात असलेली व्यक्ती. ‘त्यानं कुक केलं’ म्हणजे त्यानं कमाल करून दाखवली. घोस्ट करणे: एका दिवशी उत्तर देणं बंद करून गायब होणं. रेड फ्लॅग, ग्रीन फ्लॅग: माणूस जवळ करण्याजोगा आहे की नाही याच्या खुणा.

ही यादी मी दोनदा वाचली आणि मग थांबले. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ‘लोक मला बघतायत’ या एका गोष्टीभोवती फिरतो. कसा दिसलो, किती गुण मिळाले, कोणाच्या नजरेत पडलो, कोणाच्या नजरेत आलोच नाही. आमची फजिती नाक्यावरच्या पाच जणांना दिसायची आणि पावसाळा संपेपर्यंत विसरली जायची. या मुलांची फजिती कोणीतरी मोबाइलवर टिपतं आणि ती शाळेच्या सगळ्या ग्रुपवर फिरते. ज्यांचं अख्खं वय कॅमेऱ्यासमोर चाललंय, त्यांच्या भाषेत लाजेला आणि रुबाबाला इतके शब्द असणार नाहीत तर काय? भाऊ ‘मराठीत बोल’ म्हणाला तेव्हा ही गोष्ट त्याच्या हातून सुटली. ऑरा या शब्दात एका चौदा वर्षांच्या मुलीचं रोजचं ओझं होतं आणि ते तिनं हसत हसत आजीच्या पुढ्यात ठेवलं होतं.

पण हे सगळं पोरंच का करतात? चाळिशीतली माणसं असे शब्द का काढत नाहीत? भाषाशास्त्रात याचा चांगला अभ्यास झाला आहे. मूल बोलायला शिकतं ते घरातल्या माणसांकडून, मुख्यतः आईकडून. शाळेत गेलं की त्याचे कान आईकडून सवंगड्यांकडे वळतात. भाषेत जे बदल आधीच सुरू असतात ते ही मुलं थोडे थोडे पुढे ढकलत नेतात, आणि विशीच्या आधी कधीतरी त्यांची बोलण्याची घडी बऱ्यापैकी बसून जाते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी ही प्रक्रिया मांडली. बदलाचा आलेख काढला तर किशोरवयीनांपाशी उंचवटा दिसतो, लहान मुलं आणि मोठी माणसं दोघंही त्याच्या खाली. पेनेलोपी एकर्ट यांनी १९८० च्या दशकात डेट्रॉइटजवळच्या एका शाळेत मुलांबरोबर राहून अभ्यास केला. त्यांना दिसलं की मुलांचे उच्चार आईवडिलांच्या ऐपतीवरून फारसे ठरत नव्हते. शाळेत ती मुलं कोणत्या कंपूत आहेत, त्यावरून ठरत होते. मुंबईत हे पडताळायला विद्यापीठात जावं लागत नाही. एकाच घरातली दोन भावंडं, एक क्रिकेटच्या मैदानावरची आणि दुसरं नाटकाच्या तालमीतलं, जेवायला शेजारी बसली की कळतं.

आता ‘मराठीत बोल’ या आज्ञेबद्दल. ऑरा, रिझ, क्रिंज हे शब्द इंग्रजी आहेत, हे उघड आहे. पण ही मुलगी वाक्य कसं करते? "आजी, तुझा ऑरा गेला." यातला ‘तुझा’ बघा, ‘गेला’ बघा. ऑराला पुल्लिंग कोणी शिकवलं? ‘काय व्हाइब होती!’ यात व्हाइब स्त्रीलिंगी कोणत्या शिक्षकानं ठरवली? कोणीच नाही. मराठीच्या कानानं ठरवली. आकारान्त शब्द आला की तो घोडा-दरवाजाच्या रांगेत पुरुष होऊन उभा राहतो. वाक्याचा सांगाडा, प्रत्यय, क्रियापदाची जागा सगळं मराठीच आहे. खुंटीवर टांगलेला सदरा तेवढा परका.

शब्द घरचा झाला का, हे ओळखायची मी माझ्या कामात एक खूण वापरते: सामान्यरूप. मराठी नाम प्रत्यय लावण्याआधी थोडं वाकतं. घोडा, पण घोड्याला. दरवाजा, पण दरवाज्यात. सोफा परका होता, आज आपण सोफ्यावर बसतो. कॅमेरा परका होता, आज कॅमेऱ्यात बघतो. पिझ्झा अजून उंबऱ्यावर आहे, कोणी पिझ्झ्यावर म्हणतं, कोणी पिझ्झावर. ऑरा आत्ता पाहुणा आहे, पोरं ‘ऑराला काय झालं’ म्हणतात. ज्या दिवशी एखादा मुलगा ‘ऑऱ्याला’ म्हणेल, त्या दिवशी त्याचं रेशनकार्ड निघालं असं समजायचं. पगार, चावी, बटाटा, पाव हे पोर्तुगीजांकडून आले. बाजार, जमीन, वकील, तारीख हे फारसी-अरबीतून. आज ते नसतील तर मुंबईकराला धड दिवस काढता येणार नाही.

शिवाय पोरं नुसती उसनवारी करत नाहीत, घरच्या मालावरही काम करतात, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते. तीव्रता दाखवणारे शब्द फार लवकर झिजतात. ‘खूप’ रोज वापरला की तो खूप राहत नाही. म्हणून नवा लागतो, आणि तो बहुतेक वेळा भीतीच्या किंवा वाईटाच्या कपाटातून काढला जातो. आपल्या आजोबांनी ‘भयंकर सुंदर’ म्हटलं. ‘जबरदस्त’ हा फारसी शब्द मुळात वरचढ हाताचा, जुलमाचा. आमच्या पिढीनं ‘जाम’ आणि ‘सॉलिड’ चालवले, मग ‘खतरनाक’ आला. आजची मुलगी म्हणते, "वाईट हसले मी," "बेक्कार भारी होतं." शेवटच्या उदाहरणात ‘क’ दुप्पट झाला आहे, तेही लक्षात घ्या. मराठीत जोर द्यायचा तर व्यंजन दाबतात. कित्ती, मोठ्ठं, अज्जिबात, सग्गळं. आपली आजी बाळाशी बोलताना जी युक्ती वापरते तीच पोरगी ‘कड्डक’ म्हणताना वापरते.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे शिवीला पदराआड घेणं. ‘च्यायला’ मुळात आईवरून दिलेली शिवी. घासून घासून तिची धार इतकी गेली की आज शिक्षकही खडू मोडल्यावर ती पुटपुटतात. ‘आईच्या गावात’ही त्याच कुळातलं. मुंबईतली मराठी पोरं एका हिंदी शिवीच्या ऐवजी ‘भेंडी!’ म्हणतात. शिवी तोंडाशी आली आणि ऐन वेळी भाजी झाली. मला हे पटतं का? घरात, जेवताना, नाही पटत आणि मी तसं सांगते. पण शिवी टाळण्यासाठीच तो शब्द शोधलेला आहे, हेही मला कळतं.

खालून वर चढलेल्या शब्दांचं मुंबईतलं सगळ्यात ठळक उदाहरण सुपारी. सुपारी मंगल आहे. लग्न ठरलं की सुपारी फुटते. जत्रेसाठी तमाशाचा फड ठरवला, बँड ठरवला, की सुपारी दिली असं म्हणतात, म्हणजे विसार दिला, काम पक्कं झालं. मुंबईच्या टोळ्यांनी हा शब्द उचलला आणि माणूस मारण्याच्या कंत्राटाला लावला. पोलिसांच्या तोंडून तो वर्तमानपत्रांत आला, इंग्रजी वर्तमानपत्रांतही आला. आणि आता सोसायटीच्या सभेत कोणी जरा जास्त टीका केली की सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही काय सुपारी घेऊन आलात का?" तसंच पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे हिशेब टोळ्यांच्या फोनवरचे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. आरोप खरा की खोटा हा इथला विषय नाही. पण खोका म्हणजे काय हे राज्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. टोळीची भाषा विधिमंडळाच्या दारापर्यंत पोचली ती मोठ्या माणसांनीच पोचवली, पोरांनी नाही.

परके शब्द येतात ते वाटेत हात बदलत येतात. ‘स्ले’ (झकास करून दाखवणं) आणि ‘नो कॅप’ (खोटं नाही, खरंच) हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतले. स्ले तर न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-ट्रान्स समाजाच्या नृत्यस्पर्धांतून पुढे आला. डेलुलू कोरियन गायकांच्या चाहत्यांचा. रिझ पसरला तो ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरच्या काई सेनाट नावाच्या तरुणामुळे आणि २०२३ मध्ये ऑक्सफर्डनं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. पुढच्या वर्षी तो मान ‘ब्रेन रॉट’ला, म्हणजे फालतू काही बघून बघून मेंदू सडण्याला, मिळाला. २०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमनं ‘सिक्स-सेवन’ निवडला, ज्याला पक्का असा अर्थच नाही. पोरं दोन तळवे वरखाली करून ओरडतात, बस. मोठ्यांना सगळ्यात जास्त संताप याचाच आला. पण अर्थ नसणं हाच तिथे मुद्दा आहे. आट्यापाट्यांत किंवा लपाछपीत सुटताना आपण जे म्हणायचो त्याला तरी कुठे अर्थ होता? सगळ्यांनी मिळून एकदम म्हणण्यात मजा होती.

त्या सदुसष्टावरून मला मात्र एक खरी काळजी वाटली. ‘सिक्स-सेवन’ ओरडणाऱ्या आमच्या इमारतीतल्या पाच मुलांना मी विचारलं, मराठीत हा आकडा काय? एकानं ‘सत्तावन्न’ सांगितलं, बाकीचे गप्प. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरी आकडे सोपे जावेत म्हणून ‘साठ सात’ अशा वाचनाची सोय दिली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. पण सदुसष्ट हरवला तो पोरांच्या नाक्यावरच्या भाषेमुळे नाही. घरात भाव, गुण, गाडीची वेळ, फोन नंबर, सगळं आपणच इंग्रजीत सांगतो. एका गळतीचा राग दुसऱ्याच नळावर काढला जातोय.

‘असं लिहून लिहून यांचं लेखन बिघडेल’ हीही एक नेहमीची भीती. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा ते बारा वर्षांच्या मुलांकडून मोबाइलवर पाठवतात तसे संदेश लिहून घेऊन तपासले. शब्दांची खेळकर मोडतोड जास्त करणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट थोडी पुढेच निघाली. त्यावरून मोडतोड केल्यानं वाचन सुधारतं असं म्हणता येत नाही. पण ध्वनीशी खेळता येणं आणि वाचता येणं यांचं नातं आहे एवढं दिसतं. मुलांना जागेचं भानही असतं. निबंधात भाची ऑरा लिहीत नाही. तिच्या संदेशांचे नियम तर माझ्याहून कडक आहेत. मी ‘ठीक आहे’ लिहून पूर्णविराम दिला की तिला वाटतं मावशी चिडली. मला हे तिचं खूळ वाटलं होतं. पण २०१५ मध्ये अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलं: एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर मोबाइलवर ते कमी मनापासूनचं वाटतं, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं वाटत नाही. हसण्यासाठी ती कवटी पाठवते. मला धस्स झालं होतं. मग उमगलं, ही तर आपली ‘हसून हसून मेले’च, चित्रातली.

मग मोठ्यांनी करायचं काय? झिडकारलं की मूल आपल्यासमोर बोलणं थांबवतं, भाषा थांबत नाही. नक्कल केली तर आणखी वाईट. आतल्या-बाहेरच्याची खूण म्हणून काढलेला शब्द बाबांच्या तोंडी आला की त्या खुणेला अर्थ उरत नाही, आणि आपली खोली कोणीतरी न विचारता उघडली असं मुलांना वाटतं. जाहिराती हेच करतात म्हणून शब्द इतके लवकर मरतात. आईनं शब्द उचलला नाही, त्याबद्दल विचारलं. विचारण्यात ‘तू जाणकार, मी शिकणारी’ असा मान असतो, आणि त्या वयात तो फार कमी ठिकाणी मिळतो.

आणि विचारायलाच हवं, कारण सगळे शब्द निरागस नसतात. ‘सिग्मा’ आज लहान मुलं ‘एकदम भारी’ या अर्थानं म्हणतात, पण तो आला बायकांना तुच्छ लेखणाऱ्या पुरुषांच्या इंटरनेटवरच्या अड्ड्यांतून, जिथे पुरुषांची अल्फा, बीटा अशी प्रतवारी चालते. बहुतेक मुलांना हे ठाऊक नसतं. ओरडण्यापेक्षा ते सांगितलेलं बरं. ‘अनअलाइव्ह’ हा शब्द दिसला तर मात्र थांबा. मरणाबद्दल, आत्महत्येबद्दल लिहिलेलं समाजमाध्यमं दाबतील या समजुतीनं मुलं तो आडून वापरतात. गमतीतही वापरतात, पण गंमत आहे का हे शांतपणे विचारून खात्री करून घ्यावी. तशी वेळ आलीच तर मानसिक आधारासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि मुंबईचा आपला जुना शब्द, व्हर्नी. व्हर्नाक्युलर माध्यमातून कॉलेजात आलेल्या मुलांना लावलेला. मी मराठी शाळेतून अकरावीला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो माझ्या वाट्याला आला. अर्थ कळला नव्हता, सूर कळला होता. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आज मला कोणी क्रिंज म्हटलं तर काही वाटत नाही. पण व्हर्नी ऐकला की अजून पोटात खड्डा पडतो. आतल्या-बाहेरच्याची खूण जेव्हा एकाच माणसावर रोखली जाते, तेव्हा ती काय करते हे मला माहीत आहे.

म्हणून भाचीची वही वाचून झाल्यावर मी तिला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या वर्गात एनपीसी कोणाला म्हणता गं?" ती हसत होती, मग हसू थोडं मावळलं. "ती नवीन आलीये ना मावशी, आठवीपर्यंत मराठी शाळेत होती, ती." मी गप्प राहिले. ती वहीच्या कडेला पेनानं रेघा ओढत बसली. थोड्या वेळानं मी विचारलं, ती राहते कुठे, डब्यात काय आणते, कोणाबरोबर बसते. नाव सोडून यातलं तिला काहीच सांगता येईना. "उद्या विचारते," म्हणाली.